बॅरलमध्ये मुरलेली काळी स्टाउट आणि आपलं भरीत: चव कशी घेता, अनुभव लिहा

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, विषय मनात घर करून बसलाय म्हणून.

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी (जागेवरच बियर बनवून देणारं ठिकाण) सुरू झाली आणि तिथं पहिल्यांदा कळलं की बियरला वास असतो, रंग असतो, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो. तेव्हापासून जिथं मिळेल तिथं स्टाउट, म्हणजे भाजलेल्या जवाची काळी बियर, पितोय. आता गावी केळी करतो, पण आवड तीच आहे.

मागच्या डिसेंबरात भाचा शिकागोहून आला, त्यानं गूज आयलंड या तिथल्या ब्रुअरीची बर्बन काउंटी स्टाउट आणली, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. ही बियर बर्बन व्हिस्कीच्या (अमेरिकेतली मक्याची व्हिस्की) रिकाम्या ओक लाकडाच्या पिंपांत जवळपास वर्षभर मुरवतात आणि अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे तहान भागवायची ही वस्तू नाही, अर्धी बाटली चौघांत पुरते.

त्या दिवशी शेतात भरीत होतं. पहिली बाटली आम्ही फ्रिजमधून काढली आणि तशीच गार ओतली, सगळ्यांनी तोंड वाकडं केलं. कडू, जड, काढ्यासारखी, बाकी काही कळेना. एकजण म्हणाला कॉफीत औषध घातलंय. मी माझा ग्लास बांधावर ठेवला आणि वांगी भाजायच्या कामाला लागलो. बामणोदची हिरवी-पांढुरकी मोठी वांगी, खाली कपाशीच्या काड्यांचा ढीग, पेटवला की दहा मिनिटं नुसता जाळ आणि मग लालभडक निखारा. वांगी काळीठिक्कर झाली, सोलून लाकडी भांड्यात ठेचायला घेतली, हाताला तो धूर लागलेला, आणि त्याच हातानं अर्ध्या तासानं ग्लास उचलला.

मंडळी, तो वेगळाच ग्लास होता. थंडी होती, १२-१३ अंश असेल, तेवढंच तापमान बियरनं धरलं होतं आणि वास उघडला होता. आधी गुळाची काकवी, मग भाजलेलं सुकं खोबरं (आपण काळ्या मसाल्याला भाजतो तेवढं काळपट), मग व्हॅनिला, आणि सगळ्याच्या खाली धूर. मी हात हुंगला, ग्लास हुंगला, परत हात हुंगला. धूर एकाच घरातला होता.

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कारण सापडलं. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो तापला-जळाला की त्यातून ग्वायकॉल निघतं, धुरकट वासाचा मोठा भाग त्याचाच. पिंप आतून जाळतात तेव्हा ओकच्या लिग्निनमधून ते निघतं आणि आपल्या काड्या जळतात तेव्हा कपाशीच्या लिग्निनमधून. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिनही लिग्निनमधूनच येतं. खोबऱ्याचा वास ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या घटकाचा. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण हुंगताना जे शब्द सुचले होते ते सगळे बरोबर निघाले.

आमचे काका माळकरी, थेंबाला शिवत नाहीत. त्यांना विचारलं फक्त वास घेऊन सांगा. त्यांनी ग्लास नाकाखाली धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मांड्याचं खापर तापल्यावर येतो ना, तो वास आहे रे." इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याच रिव्ह्यूत वाचलेलं नाही.

मला एवढंच म्हणायचंय, भाजण्याची आणि मुरण्याची जाण आपल्या नाकाला आईच्या स्वयंपाकघरातून आलेली आहे, त्यामुळं या बियरची चव सांगायला आपल्याला परके शब्द उसने घ्यायची गरज नाही. तुम्ही कुणी प्यायलाय का, कशी प्यायलाय, काय लागलं, लिहा.

धुळेकर_आबा

वाचताना भरिताचा वास आला राव. पण दोन शंका आहेत. एक, बियर गार नको हे मनाला पटत नाही, आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्रीला माणूस बियर पितो ती गारव्यासाठीच. दुसरी, काळी म्हणजे कडक असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, मग १४ टक्के काळेपणामुळं आहे का?

तापीकाठ

आबा, दोन्ही प्रश्न महत्त्वाचे.

रंगाचा आणि कडकपणाचा संबंध नाही. आयर्लंडची गिनेस स्टाउट एवढी काळी, पण नळावरची ४.२ टक्के असते. आपल्या बियर शॉपीत जी पिवळी स्ट्राँग मिळते ती ८ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे गिनेसच्या जवळजवळ दुप्पट. काळा रंग येतो भाजलेल्या जवापासून. जव कॉफीच्या बियांसारखे फिरत्या ड्रममध्ये २०० अंशांच्या वर भाजतात. हा ड्रम १८१७ मध्ये लंडनच्या डॅनियल व्हीलरनं पेटंट केला आणि तेव्हापासून काळी बियर खऱ्या अर्थानं काळी झाली, कारण असे थोडेच दाणे घातले तरी अख्खा घाणा रंगतो. आपण शेंगदाणे भाजताना एक क्षण असतो बघा, खरपूस आणि करपट यांच्या मधला, जव भाजणाऱ्याचं सगळं कौशल्य त्या क्षणात.

कडकपणा येतो साखरेतून. आमची बाटली ज्या प्रकारातली, त्या इम्पीरियल स्टाउटला साध्या बियरपेक्षा कितीतरी जास्त माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) लागतं, साखर जास्त म्हणून अल्कोहोल जास्त, आणि यीस्ट दमलं की उरलेली साखर तशीच राहते, तो गोडवा आणि घट्टपणा. इम्पीरियल हे नाव रशियाच्या दरबारावरून, १८व्या शतकात लंडनच्या थ्रेल ब्रुअरीची कडक पोर्टर (स्टाउटची जवळची काळी बियर) रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्याकडे जायची.

गारव्याचं म्हणाल तर मे महिन्यात ही बियर उघडूच नका, खरं सांगतो. ही हिवाळ्यातली आहे. गारठ्यानं जीभ बधिर होते आणि वासाचे कण वर उठत नाहीत, मग फक्त कडू उरतं. आमरस फ्रिजमधून काढल्या काढल्या खाल्ला तर गोडी कमी लागते की नाही, तसंच. १२ ते १४ अंश पुरे. फ्रिजमधून काढून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवायची, डिसेंबरात गच्चीवर ठेवली तरी काम होतं.

भामरे_बापू_साक्री

भाऊ, गयरं झकास लिखं. मन्हा बाप म्हने, वांगाले काड्यास्ना धूर लागना नई ते ते भरीतच नई. आते डिसेंबरनी वाट दखी ऱ्हायनू.

चाळीसगाव_पॅसेंजर

मी गेली काही वर्षं नाशिककडे वायनरीत पिंपांवर काम करतो, म्हणून थोडी भर घालतो.

अमेरिकेत कायदाच असा आहे की बर्बन म्हणवायचं तर दारू नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवली पाहिजे. म्हणजे एक पिंप बर्बनला एकदाच, नंतर ते विकायचं. साधारण २०० लिटरचं पिंप असतं. स्कॉटलंडचे व्हिस्कीवाले ते घेतात, टबॅस्को सॉसवाले घेतात आणि आता बियरवालेही. रिकामं म्हणतो आपण, पण लाकडानं बरीच बर्बन पिऊन ठेवलेली असते, ती हळूहळू बियरमध्ये उतरते. म्हणून पिंप ताजं असताना बियर भरायची घाई असते, सुकलं की फळ्या आकसतात, गळती लागते आणि आत नको ते वाढतं.

पिंपात डिंक नाही, खिळा नाही. फळ्या आगीवर शेकून वाकवतात आणि लोखंडी कड्यांनी आवळतात. मग आत जाळ. सगळ्यात जास्त जाळतात तेव्हाही मिनिटाच्या आतच, साधारण ५५ सेकंद, आणि लाकडाला मगरीच्या पाठीसारखे खवले पडतात. मी पहिल्यांदा अशा फळीवरून बोट फिरवलं तेव्हा मला चुलीतलं अर्धवट विझलेलं लाकूड आठवलं. काळ्या थराच्या मागं एक लालसर रेघ असते, लाकडातली साखर तिथं तापून कॅरमल झालेली असते. दिवसा उष्णतेनं द्रव लाकडात शिरतो, रात्री थंडीनं परत बाहेर येतो, आणि येताना ती रेघ धुऊन आणतो. मुरणं म्हणजे हा येण्याजाण्याचा खेळ.

आणि पिंपातून उडूनही जातं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के, बेंगळुरूला अमृत डिस्टिलरीच्या व्हिस्कीचं १० टक्क्यांच्या पुढं. आपल्या खान्देशच्या उन्हाळ्यात पिंप उघड्या शेडमध्ये ठेवलं तर काय होईल याचा विचारच नको, गारव्याची खोली लागेलच.

एक धोका सांगतो. लाकडाला छिद्रं असतात, ते स्टीलच्या टाकीसारखं पूर्ण निर्जंतुक होत नाही. लॅक्टोबॅसिलस (आंबवणारा जिवाणू) किंवा ब्रेटॅनोमायसिस (एक जंगली यीस्ट) आत बसला की बियर आंबट, कधी गोठ्यासारख्या वासाची. बेल्जियममध्ये रूसेलारे गावी रोडेनबाख ब्रुअरीवाले मोठमोठ्या ओकच्या पिंपांत हाच आंबटपणा मुद्दाम आणतात आणि ती बियर अप्रतिम असते, पण स्टाउटमध्ये न बोलावता आला तर तो दोषच.

निंबोळी (शहादा)

मी हा धागा उघडताना जरा थांबले होते. आमच्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, माझी आई त्यात पुढं होती, आणि ती लढाई मी जवळून पाहिलीय. दारूनं घर कसं जातं हे मला कुणी सांगायला नको. म्हणून लिहिते की चवीबद्दल बोलताना किती घ्यायची हेही बोललं पाहिजे, १४ टक्के म्हणजे चेष्टा नाही. तापीकाठ दादा, तुम्ही अर्धी बाटली चौघांत म्हणालात ते वाचून पुढं वाचलं.

आता अनुभव. जर्मनीत प्रोजेक्टवर होते तेव्हा एका सहकाऱ्याकडे बॅरलची स्टाउट पहिल्यांदा प्यायले, लहान वाईन ग्लासमध्ये, दोन घोट. सगळे मनुका, अंजीर, सुकं प्लम म्हणत होते. मला एकच गोष्ट आठवत होती, वाळवलेली मोहाची फुलं. सातपुड्याच्या पायथ्याला मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं पडतात, पावरा-भिल बायका उजाडायच्या आत वेचायला जातात. मी लहानपणी मैत्रिणीबरोबर जायचे. ओली असताना फुलं मेणचट, गोड, किंचित उग्र. अंगणात चार-पाच दिवस वाळली की तांबडी-तपकिरी होतात आणि वास बदलतो, मनुकेसारखा, गुळासारखा, मागं थोडी चामड्याची आठवण. फुलं भरून ठेवलेल्या कणगीत डोकं घातलं की जे येतं ना, ते त्या ग्लासात होतं. मी तिथं हे सांगितलं तर त्यांना मोह माहीत नव्हता, मग फोनवर फोटो दाखवले, आणि पुढचा अर्धा तास आम्ही मोहावरच बोललो.

तापीकाठ

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. प्रमाणाचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मीच आधी लिहायला हवं होतं. आमच्याकडे नियम आहे, माणशी साठ-सत्तर मिली, पोटात अन्न असताना, आणि त्या रात्री गाडीला हात नाही, शेतातच मुक्काम. एवढी कमी प्यायली की चव जास्त कळते हे मी अनुभवानं सांगतो, तिसऱ्या ग्लासात कुणालाही मनुका ओळखता येत नाही.

मोहाचं वाचून दुसऱ्या बाटलीची ओढ लागली. सुक्या फळांचा वास थोडा माल्टचा असतो आणि थोडा हवेचा, पिंपातून हळूहळू ऑक्सिजन आत जातो ना, त्यानं. तुमची फुलं अंगणात वाळताना हवा खातात, तीच गोष्ट.

भुसावळ_यार्ड

माझी कहाणी दुःखाची आहे. मेव्हण्यानं परदेशातून अशीच एक बाटली आणली होती, लग्नाच्या वाढदिवसाला उघडू म्हणून मी ठेवली. जुनी झाली की चांगली होते असं ऐकलेलं. ठेवली कुठं तर स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात, भुसावळचा अख्खा उन्हाळा तिनं तिथं काढला. उघडली तर वास सोया सॉसचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा, चवीला खारट-आंबट, चायनीजच्या गाडीवर उभं असल्यासारखं. बायकोनं एक घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवला. बियर खराब होती का माझी चूक?

चाळीसगाव_पॅसेंजर

भाऊ, बियरचा दोष नव्हता, उन्हाळ्याचा होता. हवेनं येणारी खजूर-मनुकेची चव आणि पुठ्ठ्याची चव, दोन्ही ऑक्सिडेशनच, म्हणजे ऑक्सिजननं होणारा बदल, फरक वेगाचा. थंडाव्यात सावकाश झालं तर खजूर, उष्णतेत भरभर झालं तर पुठ्ठा. लोणचं सावलीत मुरतं आणि उन्हात बरणी विसरली की काळं पडतं तसं. सोया सॉसचा वास हे उष्णतेत म्हाताऱ्या झालेल्या स्टाउटचं नेहमीचं लक्षण. बाटली उभी ठेवायची (वाईनसारखी आडवी नाही), अंधारात, १०-१५ अंशांत. आपल्याकडे म्हणजे फ्रिजचा खालचा कप्पा, दुसरा इलाज नाही.

धुळेकर_आबा

ग्लास कुठला? आमच्याकडे काचेचे उभे ग्लास आहेत आणि स्टीलचे.

तापीकाठ

आबा, स्टील नको, रंग दिसत नाही आणि नाकाशी वास गोळा होत नाही. पोटाला फुगीर, तोंडाला निमुळता असा काचेचा ग्लास हवा, ब्रँडीचा किंवा वाईनचा. पाव भरायचा. साबणाचा वास राहिला तर सगळं वाया, कोमट पाण्यानं परत धुऊन पालथा घालून वाळवा, फडक्यानं पुसू नका.

ओतल्यावर आधी उजेडाकडे धरून बघा. आमची तर कडेलासुद्धा उजेड जात नव्हता, तिरका केला तेव्हा काठाला तांबूस-तपकिरी रेघ दिसली, तेलासारखी काचेला धरून हळूहळू खाली उतरणारी. फेस कॉफीच्या रंगाचा, बोटभरही नाही आणि मिनिटात बसतो. एवढ्या अल्कोहोलमध्ये फेस टिकत नाही, बियर शिळी आहे असं समजू नका. मग हुंगायचं, नाक आत खुपसायचं नाही, नाहीतर अल्कोहोल झोंबतं, बाजूनं यायचं. घोट लहान, जिभेवर फिरू द्यायचा, गिळल्यावर तोंड मिटून नाकानं श्वास सोडायचा. खरी चव त्या श्वासात येते. मला तिथं आधी डार्क चॉकलेट, मग काकवी आणि शेवटी ओकचा तुरटपणा आला, सुपारीसारखा, जिभेच्या कडांना.

रावेर_केळीबाग

खायला काय ठेवलं सोबत? शेवभाजी जमते का? आमच्याकडे पाहुणे आले की शेवभाजीशिवाय बैठक होत नाही.

तापीकाठ

शेवभाजी करून बघितली, पहिल्याच दिवशी, आणि अजिबात जमली नाही. तिखट आणि १४ टक्के अल्कोहोल एकत्र आले की नुसती आग होते, रश्शातला काळा मसाला आणि बियरमधला कडवटपणा एकमेकांवर चढतात, दोन्ही वाईट लागतात. एवढी चांगली शेवभाजी वाया गेली याची खंत वाटली.

भरीत मात्र जमलं, पण मिरची निम्मी केलेलं. पातीचा कांदा, शेंगदाणे, लसूण आणि भरपूर धूर, सोबत कळण्याची भाकरी. कळण्यात उडदाचा जो मातकट, खारट जडपणा आहे तो या बियरचा गोडवा तोलून धरतो. भरिताचं वांगं तेलकट-मऊ, त्यावर बियरचा एक घोट घेतला की धूर दुप्पट होतो.

सगळ्यात सुंदर जमलं ते खापरावरचे पुरणाचे मांडे. आईनं दुसऱ्या दिवशी केले होते, उरलेल्या घोटभर बियरसोबत सहज खाल्ला. मांड्यावरचे ते तपकिरी डाग असतात ना, जिथं पुरणाचा गूळ खापराला लागून करपलेला असतो, नेमका तिथला घास घेतला आणि वर घोट. काका खापर का म्हणाले ते तेव्हा पूर्ण कळलं. तूप जरा जास्त घ्या, तुपानं ओकचा तुरटपणा मऊ होतो.

रावेर_केळीबाग

मांडे! हे डोक्यात आलंच नसतं. मिळते कुठं पण ही बियर आपल्याकडे?

चाळीसगाव_पॅसेंजर

एवढी कडक दुकानात मिळणं अवघड. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत बियरची वरची मर्यादा ८ टक्के आहे, त्यामुळं ११-१४ टक्क्यांची स्टाउट बियर म्हणून बसतच नाही. परदेशातून येणारा माणूस ड्यूटी न भरता दोन लिटरपर्यंत दारू आणू शकतो, बहुतेकांची बाटली अशीच येते. नाहीतर पुणे-बेंगळुरूच्या मायक्रोब्रुअरीत साधी स्टाउट किंवा पोर्टर नळावर असते, सुरुवात तिथून करा. भाजलेल्या जवाची ओळख पटली की पुढं लाकूड वेगळं कळतं, दोन्ही एकदम आलं तर गोंधळ होतो.

निंबोळी (शहादा)

तापीकाठ दादा, एक विचारायचं होतं. रिकामा ग्लास सकाळी हुंगला का? आमच्या त्या सहकाऱ्यानं मला दुसऱ्या दिवशी न धुतलेला ग्लास दिला होता, त्यात बियर काहीच नव्हती, फक्त लाकूड होतं. नवीन कपाट उघडल्यासारखं.

तापीकाठ

ताई, तेव्हा ग्लास रात्रीच धुतले गेले होते, याची आता चुटपुट लागलीय. दुसऱ्या बाटलीला नक्की करणार.

ती बाटली आईच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या ट्रेमागं, वर्तमानपत्रात गुंडाळून उभी ठेवलीय, भुसावळ_यार्ड यांचं वाचल्यापासून दोनदा जाऊन बघून आलो. उघडायचं ठरलंय ते यंदाच्या कपाशीच्या काड्या उपटून झाल्या की, म्हणजे वांगीही भरात असतील. मिरची निम्मी, मांडे त्याच दिवशी, आणि काका वासाला येणार आहेत. ताई, थोडी वाळलेली मोहाची फुलं पाठवता आली तर बघा, शेजारी ठेवून हुंगायचीत. काय निघतं ते इथंच लिहितो.